शंभर टक्के भारकपात

वीज न वापरल्याबद्दल वीज कंपनीकडून पैसे घेणारा महाळुंगे पडवळमधला पहिला माणूस मी होणार होतो. तसा अर्ज माझ्याकडे आला. छापील होता, नऊ रकाने होते आणि प्रत्येक रकान्यापुढे उत्तरासाठी अर्धा इंच जागा होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: जागा अपुरी पडल्यास स्वतंत्र कागद जोडावा.

मी स्वतंत्र कागद जोडला. सतरा पानं झाली. मंचरच्या कचेरीतल्या कारकुनाने अर्ज ठेवून घेतला आणि सतरा पानं परत केली.

"भाऊ, टाचणी एवढं धरत न्हाई," तो म्हणाला.

ती पानं वाया जाऊ नयेत म्हणून तुम्हाला वाचायला देतो. अर्ध्या इंचात जे लिहिलं ते आधी, आणि जे मावलं नाही ते त्याखाली.

रकाना १. ग्राहकाचे नाव
उत्तर: भिमाजी (मयत). तर्फे मुलगा गोरख.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. वीज कंपनीच्या लेखी ते अजून वेळेवर बिल भरतात, म्हणून मीही नाव बदललं नाही.

बाहत्तर साली त्यांनी गावात पहिली पिठाची गिरणी आणली आणि वर्षभरात गावातली सगळी जाती बंद पाडली. बायकांनी जाती उचलून परसात टाकली. फक्त आमच्या घरातलं जातं जागेवर राहिलं, कारण माझी आई साळुबाई म्हणाली, "मशीन हाय. कवातरी बसंल." त्यावर वडील तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. गिरणी मात्र चौतीस वर्षं बसली नाही. वीज गेली की थांबायची. थांबणं वेगळं आणि बसणं वेगळं.

या गिरणीला एक मान आहे. चैत्रातल्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी आमच्या गावाला मासवडीचं जेवण असतं. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी. त्यासाठी घरटी एक मापटं हरभऱ्याची डाळ जमा होते, सगळी एकत्र करतात आणि एकाच वेळी दळतात. भावकीत तोंडं वळलेली असली तरी वर्षातून एकदा एकमेकांची डाळ पोटात जाते. दुकानाचं बेसन चालत नाही, कारण त्यात कुणाचीच डाळ नसते. ती डाळ दळणाऱ्याला सगळ्या गावासमोर नारळ देतात. बाहत्तर सालापासून तो नारळ आमच्या गिरणीचा. आधी वडलांच्या हातात, मग माझ्या.

हे लक्षात ठेवा. बाकीचे आठ रकाने त्या नारळाबद्दलच आहेत, जरी अर्जात तसं कुठे छापलेलं नाही.

रकाना २. व्यवसाय
उत्तर: पीठ गिरणी व मिरची कांडप. वीस एचपी. वीज असते तेव्हा.

"वीज असते तेव्हा" हे कारकुनाने खोडलं.

रकाना ३. योजनेची माहिती कोठून मिळाली?
उत्तर: शाळेत.

दोन हजार सहाचा मार्च. त्या वर्षी आमच्याकडे रोज आठ तास भारनियमन होतं आणि न सांगता जायची ती वीज वेगळी. अशात मंचरहून इंजिनिअर साहेब आले आणि त्यांनी शाळेत सभा घेतली. फळ्यावर डोंगरासारखी एक रेघ काढली.

"कधी कधी ग्रीडवर संकट येतं," साहेब म्हणाले. "मागणी एवढी वाढते की सगळ्या राज्याची वीज एकदम जाईल अशी वेळ येते. तेव्हा आम्ही तुम्हाला फोन करू. अर्ध्या तासात तुम्ही आपापला वापर कमी करायचा. जेवढा कमी कराल, तेवढे पैसे."

बहिरू उठला. माझ्या गिरणीच्या मागे त्याचा मळा आणि विहीर आहे.

"सायेब, आमी रोज आठ तास कमी करतोय. त्याचं कुटं मागायचं?"

"ते भारनियमन. ते आम्ही करतो. हे तुम्ही स्वेच्छेने करायचं."

"मंग फरक काय?"

साहेबांनी विचार केला. "ते फुकट असतं," ते म्हणाले.

बहिरूचं समाधान झालं. मग माझी आई उठली. सभा कशाचीही असो, ती पुढच्या रांगेत बसते.

"म्हंजे गोरखनी दळायचं न्हाई, म्हणून त्याला पैसं?"

"बरोबर आजी."

"आन दळलं तरी पैसं?"

"दळल्याचे पैसे गिऱ्हाईक देतं."

"मंग हे आधी का सांगितलं न्हाई? त्याचा बा पंचवीस वर्सं दळत बसला."

साहेबांनी बाकीचे नियम सांगितले. एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या ग्राहकांचा एक गट. आमच्या डीपीवर सदतीस मीटर, गटप्रमुख मी, कारण फोन माझ्या गिरणीत होता. डीपीला एक करडी पेटी बसणार, तिला स्वतःची बॅटरी, आणि तिचं रीडिंग थेट पुण्याला जाणार. आधी एक आठवडा मोजमापाचा, गुरुवारी दुपारी बारा ते पुढच्या गुरुवारी बारा. त्यात एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज वापरली जाईल तो आमचा पाया. संकटात त्या पायाखाली जेवढे उतरू, त्याचे पैसे.

"आणि मोजमाप नीट व्हावं म्हणून," साहेब म्हणाले, "त्या आठवड्यात तुमची वीज जाणार नाही."

पैशाच्या वेळी झाली नव्हती एवढी कुजबुज तेव्हा झाली.

बाहेर पडल्यावर उत्तमचंद शेठनी मला बाजूला घेतलं. शेठचं गावात किराणा दुकान आहे. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण आता त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि डोकं माझ्यासारख्या दोघांचं मिळून एकट्याला आहे.

"गोरखभाऊ, वजन कमी करण्याची स्पर्धा आहे असं समजा. जेवढं उतरेल तेवढं बक्षीस."

"समजलो."

"मग वजनकाट्यावर पहिल्यांदा उभं राहण्याआधी माणसाने काय करावं?"

मी म्हणालो, "जेवावं."

"पोटभर," शेठ म्हणाले.

रकाना ४. पायाभार
उत्तर: एकशे बासष्ट किलोवॅट. (डीपीची क्षमता शंभर.)

योगायोगाने सप्ताह आणि मोजमापाचा आठवडा एकदमच आले. मांडवाचे दिवे, भोंगे, हॅलोजन हे सगळं आमच्याच डीपीवर. तो भार देवाने दिला. बाकीचा आम्ही उभा केला.

शेठनी मंचरच्या मेव्हण्याकडून दोन डीप फ्रीज आणले. आत ठेवायला काही नव्हतं, म्हणून गुळाच्या ढेपा ठेवल्या. चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने अर्धा किलो गूळ मागितला, तेव्हा शेठना लोहाराकडून घण मागवावा लागला.

बहिरूने विहिरीवरची मोटर सुरू केली. पण चैत्रात विहिरीला पाणी तेवढं नव्हतं आणि रानाला दोन दिवसांतच पुरे झालं. मग त्याने पाइप फिरवून पुन्हा विहिरीतच सोडला. पाणी वर यायचं आणि खाली पडायचं. पाच दिवस बहिरूने एका विहिरीचं पाणी त्याच विहिरीला दिलं. त्याची बायको ठमाबाई काठावर बसून ते बघायची.

"ह्याचं पीक कवा निघायचं?" ती विचारायची.

ती स्वतः गप्प बसली होती असं नाही. पाणी तापवायचा रॉड तिने सकाळपासून बादलीत टाकून ठेवलेला असायचा. घरातली माणसं आंघोळ करून करून थकली, तेव्हा तिने म्हैस धुतली. चैत्रात, कढत पाण्याने. त्यानंतर म्हैस ठमाबाईला बघून उठून उभी राहायला लागली.

माझी अडचण वेगळी होती. गिरणी रिकामी चालवता येत नाही, दगडावर दगड घासून झिजतो. आणि वीज जात नसल्यामुळे लोकांनी महिन्याचं दळण पहिल्या दोनच दिवसांत आणून टाकलं होतं. तिसऱ्या दिवसापासून माझ्याकडे फक्त कोंडा उरला. तो मी दळला, परत वर ओतला, परत दळला. अकराव्या खेपेला तो खाली पडेना. हवेत राहिला.

माझी बायको शीला गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली. मागे सप्ताहाच्या डाळीची पोती होती. घरोघरची डाळ, पाऊण क्विंटल.

"मशीन मोकळं हाय, वीज हाय, डाळ हाय," ती म्हणाली. "दळून टाका की."

"गुरुवारी. अकरा ते बारा."

"आज सोमवार हाय."

"हरभऱ्याची डाळ जड असते. मोटरला ओढ लागते. ती शेवटच्या तासाला, सगळ्यांचं सगळं चालू असताना दळायची. तेव्हा भार शिगेला जाईल."

ती पोत्यांकडे बघत राहिली. "देवाची डाळ हाय ती. मीटरची न्हाई."

"दळायची आहेच ना? मग अकराला दळली तर देवाचं काय जातं?"

ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला आपलं बरोबर आहे असं वाटतं. ही सवय वाईट आहे.

रकाना ५. भारात अचानक बदल झाल्यास त्याचे कारण
उत्तर: डीपी.

बुधवारी फ्यूज तीनदा उडाला. तीनदाही वायरमन सावळेराम आला. आमच्या बाजूच्या बारा गावांना तो एकटाच आहे. तिसऱ्यांदा खांबावरून उतरल्यावर त्याने टोपी काढून घाम पुसला.

"गोरखभाऊ, गावात काय कारखाना काढलाय का?"

"सप्ताह आहे."

"सप्ताह मीबी बगितल्यात." त्याने तारेचं वेटोळं दाखवलं. "ही तार एवढ्याला टिकत न्हाई."

"मग जाड टाक."

"जाड टाकली तर फ्यूज उडणार न्हाई."

"तेच तर पाहिजे."

"भाऊ, फ्यूज उडतो तो डीपीचा जीव वाचावा म्हणून."

"उद्या बारापर्यंतच. मग आपण वीज वाचवायचीच आहे."

तो हलेना. घरी दोन पोरी दहावी-बारावीला आहेत, नोकरी गेली तर काय, असं म्हणाला. मी त्याला म्हणालो की तू चहा प्यायला जा. तो चहा प्यायला गेला. तो येईपर्यंत जाड तार बसलेली होती. कुणी बसवली हे त्याने विचारलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता सगळ्यांनी सगळं सुरू केलं. शेठचे फ्रीज, ठमाबाईचा रॉड, बहिरूची विहीर. सदतीस घरांत शेगड्या, इस्त्र्या, पंखे, भर दुपारी दिवे. मांडवात पारायण भोंग्यावर चालू होतं. मी गिरणी आणि कांडप दोन्ही लावली. पट्ट्याचा आवाज जड व्हायला लागला. इकडे मी घड्याळ बघत होतो. अकरा सत्तेचाळीसला डाळीचं पहिलं पोतं उचललं आणि एक सूपभर वर ओतली.

अकरा अठ्ठेचाळीसला बाहेर खाकरल्यासारखा आवाज झाला. मग मोठा. खिडकीतून निळा उजेड आत आला आणि परत गेला. गिरणी हळूहळू फिरत राहिली, जसा माणूस वाईट बातमी ऐकूनही चार पावलं चालतो, आणि थांबली.

मी बाहेर आलो. डीपीतून काळं तेल गळत होतं. खाली बहिरूचं कुत्रं बसलेलं असायचं, ते उठून शाळेकडे निघालं होतं. मांडवातला आवाज भोंग्यातून गेला होता, पण पारायण थांबलं नव्हतं. फक्त आता ते मांडवातल्यांनाच ऐकू येत होतं.

आई अंगणात मिश्री लावत बसली होती. तिने डीपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थांबली का बसली?" तिने विचारलं.

रकाना ६. आणीबाणीचा निरोप मिळाल्याची वेळ व केलेली कार्यवाही
उत्तर: दु. १२.२०. कार्यवाही आधीच झाली होती.

गिरणी चालू असताना आमच्या फोनची घंटी कधीच ऐकू येत नसे. गटप्रमुख होताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आली.

"गटप्रमुख गोरख?"

"बोलतोय."

"ग्रीडवर संकट आहे. तुमच्या गटाने अर्ध्या तासात भार कमी करावा."

"केलाय."

"किती?"

"सगळा."

"टक्केवारीत सांगा."

मी दारातून बाहेर बघितलं. तेल आता ओढ्याच्या दिशेने निघालं होतं.

"शंभर," मी म्हणालो.

"एक मिनिट." कळा दाबल्याचा आवाज आला. "बरोबर आहे. शून्य दाखवतंय. पाया एकशे बासष्ट, आता शून्य. आणि हे फोन यायच्या आधीच केलंत?"

"हो."

"आमच्याकडे आजवर तेरा टक्क्यांच्या वर कुणी गेलं नाही. कसं जमवलंत?"

"गावाने मनावर घेतलं."

"दोन तासांनी पुन्हा सुरू केलंत तरी चालेल."

"बघतो," मी म्हणालो.

संकट खरं होतं. पाच-दहा मिनिटांत सगळ्या तालुक्याची वीज बंद केली. मंचरच्या गिरण्या उभ्या, अवसरीच्या उभ्या, घोडेगावच्या उभ्या. शेठनी कुठे कुठे फोन करून पाहिलं.

"रात्रीपर्यंत कुठेच येत नाही म्हणतात," ते म्हणाले. "गोरखभाऊ, मी मंचरहून बेसनाचे पुडे आणून देतो. कुणाला कळणार नाही."

"कुणाची डाळ म्हणून वाढायचं?"

शेठनी पुड्यांचा विषय सोडला. त्यांच्याही घरचं मापटं त्या पोत्यात होतं.

उद्या सकाळी पीठ मळायचं. समोर पाऊण क्विंटल डाळ, त्यातली एक सूप गिरणीच्या दगडात अडकलेली.

रकाना ७. पर्यायी व्यवस्था (जनरेटर इ.) व तिची क्षमता
उत्तर: साळुबाई, ७१. ताशी अडीच किलो.

इथे केव्हीएमध्ये लिहा असं छापलं होतं. आईचे केव्हीए कुणी काढलेले नाहीत.

ती उठली, तोंड धुतलं, पदर खोचला आणि जात्यावरचं गोणपाट काढलं. चौतीस वर्षं ती दर नागपंचमी झाली की त्याला तेलाचा हात लावत होती. मला वाटायचं, देव म्हणून. खुंटा जागेवर होता.

"एकट्या जात्यानं हुयाचं न्हाई," ती म्हणाली. "गावात बगा जा. माझ्या ध्यानात आठ हायेत."

आठही सापडली. एक बहिरूच्या मोरीत पाय घासायला, एक तुळशीखाली, एक पाण्याच्या पिंपाखाली, एक शाळेच्या व्हॉलीबॉलच्या खांबाला. एका जात्याचा वरचा दगड एका भावाकडे आणि खालचा दुसऱ्याकडे निघाला. वाटणीत तसं ठरलं होतं आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. ते दगड आणायला मी स्वतः गेलो. थोरला म्हणाला, "वरचा देतो, पण खाली त्याचा नको." शेवटी आमच्या अंगणात त्या दोघांच्या बायका एकाच खुंट्याला हात घालून समोरासमोर बसल्या. दळताना त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण दोघींनी हात एका लयीत ठेवला, नाहीतर जातं फिरत नाही.

जात्यांचे दगड गुळगुळीत झाले होते, डाळ नुसती घरंगळायची. दगडाला टाकी मारता येणारा गावात एकच माणूस होता, गिरणीवाला. दीड ते साडेतीन मी अंगणात बसून जात्यांना टाकी मारली. वडलांनी बंद पाडलेली नऊच्या नऊ जाती मी दोन तासांत चालू करून दिली. वडलांची छिन्नी वापरली. दुसरी नव्हती.

मग दळण सुरू झालं. ओव्या कुणालाच धड आठवेनात. ठमाबाईने अर्धी म्हटली आणि पुढे तिलाच येईना. मग टीव्हीवरच्या मालिकांची गाणी निघाली, हिंदीतली. चारशे भाग झालेल्या मालिकेचं गाणं दळायला बरं पडतं, कारण ते संपत नाही.

"गोरख, तू उभा का?" आईने विचारलं.

"टाकी मारली की मी."

"तुजा बा मला म्हणाला व्हता, आता तुला जात्यावर बसावं लागणार न्हाई. बस इथं. त्याचं राहिल्यालं तू फेड."

मी बसलो. समोर शीला होती. तिने सोमवारची आठवण करून दिली नाही. फक्त जेव्हा जेव्हा माझा हात सुटायचा, तेव्हा म्हणायची, "अकरा ते बारा."

दिवे लागायच्या वेळेला पीठ झालं. दिवे अर्थात लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मासवडी झाली. जात्याच्या पिठाला रवा राहतो, वडी मऊ झाली आणि एकही फुटली नाही. पंगतीत म्हातारे न बोलता जेवले, म्हणजे काय ते तुम्ही समजा. काल्यानंतर मानाचा नारळ आला. नेहमीप्रमाणे मी पुढे सरकलो. गावकारभारी माझ्याशेजारून गेले आणि त्यांनी तो माझ्या आईच्या ओटीत घातला.

नारळ आमच्याच घरात राहिला. अर्जात कुणी विचारलं, तर मी तसंच सांगेन.

रकाना ८. केवळ कार्यालयीन उपयोगासाठी
उत्तर: (कोरा)

इथे मी काही लिहिलं नाही. पण कार्यालयात काय झालं ते सांगतो.

आठ दिवसांनी मी डीपी बदलून मागायला मंचरला गेलो. कारकुनाने संगणकात पाहिलं आणि उठून माझ्याशी हात मिळवला.

"महाळुंगे पडवळ? जिल्ह्यात पहिला नंबर आहे तुमचा. शंभर टक्के. मोठे साहेब सत्काराला येणारेत. हा अर्ज भरून द्या."

"ते असू द्या. आमची डीपी जळालीय."

तो परत संगणकात बघायला लागला. "जळालेली दिसत नाही. स्वेच्छेने बंद दिसतेय."

"ती जळालीय म्हणून बंद आहे."

"मग कपात स्वेच्छेने नव्हती?"

मी टेबलावरचा अर्ज जवळ ओढला.

"भाऊ," तो हळू आवाजात म्हणाला, "शून्य एकच आहे. ते मी कपातीत टाकतो, नाहीतर बिघाडात टाकतो. दोन्हीकडे कसं टाकू?"

मी अर्ज घेऊन घरी आलो.

रकाना ९. कपात स्वेच्छेने करण्यात आली काय? होय / नाही
उत्तर: खाली पाहा.

गाव दोन भागांत वाटलं गेलं. शेठ म्हणाले, होय लिहा, सदतीस घरांचे पैसे आहेत, डीपी काय, आज ना उद्या येईलच. बहिरू म्हणाला, नाही लिहा, विहिरीला आता पाणी आलंय पण वर काढायला वीज नाही. ठमाबाईला दोन्ही चालत होतं. म्हैस मात्र खुशीत होती.

माझं सांगतो. होय लिहिलं तर शाल, सत्कार, फोटो. नाही लिहिलं तर सगळ्या तालुक्यात हसू, आणि वर जाड तारेची चौकशी. पण होय लिहिलं तर डीपी जळालीच नाही, आणि डीपी जळालीच नाही तर ती बदलायची कशाला? मग गिरणी बसली ती बसलीच. दगडात तेव्हाची डाळ अजून तशीच होती. तीन दिवस मी अर्ज घेऊन गिरणीत बसलो. इतकी शांत गिरणी मी जन्मात पाहिली नव्हती. उंदीर पळाला तरी ऐकू यायचं.

आई दारात आली. "काय लिवलंस?"

"काहीच नाही अजून."

"नाव कुणाचं हाय वर?"

"आण्णांचं."

"मंग त्यांच्या नावावर खोटं लिवू नको," ती म्हणाली आणि गेली. दळण होतं तिला. अख्खी आळी आता पीठ तिच्याकडूनच नेत होती.

मी "नाही" वर गोल केला. पुढे लिहिलं: डीपी जळाली. जाड तार मी टाकली, वायरमन तेव्हा चहाला गेला होता. अर्धा इंच बरोबर भरला.

सही: गोरख भिमाजी.

इथे पानं संपली. पुढचं नंतर जोडतो आहे.

महिन्याने पत्र आलं. तीन मुद्दे होते.

एक: कपात स्वेच्छेने नसल्याने आपला गट अपात्र ठरविण्यात येत असून, बक्षीस द्वितीय क्रमांकाच्या अवसरी बुद्रुक येथील गटास (सहा टक्के) देण्यात येत आहे.

दोन: जळालेली डीपी बदलण्याबाबत आपली मागणी रास्त आहे. तथापि रकाना ७ वरून आपल्याकडील पर्यायी व्यवस्था (साळुबाई, ७१) समाधानकारकरीत्या कार्यरत असल्याचे दिसते. सबब ज्या गावांकडे अशी व्यवस्था नाही, त्यांना प्राधान्य देण्यात येईल.

तीन: सदर व्यवस्थेची देखभाल-दुरुस्ती ग्राहकाने स्वखर्चाने करावी.

तिसरा मुद्दा मी पाळतो. सोमवारी मिश्रीची डबी, आणि रोज संध्याकाळी दोन्ही गुडघ्यांना तेल. काल मी तेल लावत असताना व्यवस्थेने बराच विचार करून मला विचारलं, "गोरख, मी जर हात आखडता घेतला, तर मला किती देशील रं?"

मी दुसरा गुडघा घेतला.